ऊन काचेबाहेरच अडवायला हवं

विदर्भाच्या उन्हाळ्याची बातमी होते ती पाऱ्याच्या आकड्यावरून. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा ही नावं तर एप्रिल उजाडला की राज्याच्या हवामानाच्या बातमीत ठरलेलीच. पण हा आकडा वेधशाळेच्या सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. घरात बसलेल्या माणसाचे हाल आणखी एका गोष्टीवर ठरतात. त्याच्या घराच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि काचेवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं, ही ती गोष्ट.

दुपारी चार वाजता घरात कोण असतं? नोकरदार माणूस बहुधा कार्यालयात, पंख्याखाली किंवा एसीत. घरात असतात म्हातारी माणसं, तान्ही मुलं, बाळंतीण, घरी बसून शिवणकाम किंवा पापड-लोणच्याचं काम करणाऱ्या बाया आणि उन्हाळ्याच्या सुटीतली पोरं. विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, म्हणजे निम्मा जून उलटला तरी मुलं घरातच. संध्याकाळी सहाला जी बाई पोळ्या लाटायला उभी राहते, तिचं स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर गॅसची आच समोरून आणि उन्हाची आच खिडकीतून, अशी दोन्हीकडून ती भाजते. खिडकीबाहेर लावलेला एक साधा पडदा, एक जाळी, एक ताटी या बाईचा उन्हाळा पुष्कळ सुसह्य करू शकते. हे काम स्वस्त आहे, जुनं आहे, आपल्याच भागातलं आहे आणि आपण ते जवळजवळ सोडून दिलं आहे. म्हणून हा लेख.

आधी सूर्याचा हिशेब मांडतो, कारण घराच्या बाबतीत लोकांची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. दक्षिणेचं ऊन वाईट, असं सर्रास म्हटलं जातं. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. तिथल्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी पुरतो. दक्षिणेचं ऊन घरात शिरतं ते डिसेंबर-जानेवारीत, सूर्य खाली कललेला असताना, आणि तेव्हा ते हवंच असतं.

खरा त्रास पश्चिमेचा. चार फूट उंचीची पश्चिमेकडची खिडकी घ्या, तिच्या डोक्यावर नेहमीसारखा दोन फुटांचा छज्जा धरा. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी तीनला या छज्ज्याची सावली खिडकीवर सुमारे अडीच फूट उतरते. निम्म्याहून अधिक काच झाकलेली असते. चारला सावली दीड फुटावर येते. पाचला ती फूटभरही उरत नाही आणि सहाला जेमतेम चार इंच. सूर्य जसजसा खाली येतो तसतसा तो छज्ज्याखालून वाकून थेट खोलीत पाहू लागतो. पाच वाजता ही चार फुटांची खिडकी पूर्ण झाकायची तर छज्जा नऊ फुटांचा हवा. असा छज्जा कोणी बांधत नाही. पण नऊ फुटांची ओसरी मात्र पूर्वी बांधत होते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले पाहिले की चारही बाजूंनी फिरवलेला तो रुंद व्हरांडा थाटासाठी नव्हता हे लक्षात येतं. उतरत्या उन्हाला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, एवढ्यासाठी तेवढी जागा सोडलेली होती.

आणखी एक बारकावा आहे, तो जाळी लावणाऱ्याने ध्यानात ठेवायचा. उन्हाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. जूनमध्ये नागपुरात तो पश्चिमबिंदूपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला अस्ताला जातो. त्यामुळे उत्तरेच्या ज्या खिडकीला कधी ऊन नसतं असं आपण समजतो, तिच्यातही मे-जूनच्या संध्याकाळी तिरपी तिरीप येते, आणि पश्चिमेच्या खिडकीवर ऊन उजव्या-डाव्या बाजूंनी सारखं न येता उत्तरेच्या कडेने घुसतं.

आता काचेकडे वळू. उन्हातली उष्णता काचेतून सहज आत येते. साध्या पारदर्शक काचेवर पडलेल्या उष्णतेपैकी सुमारे ८५ टक्के खोलीत शिरते. आत आल्यावर ती फरशीला, गादीला, पडद्याला लागते, त्या वस्तू तापतात आणि उष्णता बाहेर टाकू लागतात. पण तापलेल्या वस्तूंमधून निघणाऱ्या या उष्णतेच्या लहरी वेगळ्या असतात, काच त्यांना बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी केलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते, त्याचं हेही एक कारण. म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूला जाड पडदा लावला की डोळ्यांवरचा उजेड कमी होतो, उष्णता मात्र खोलीतच राहते. पडदा स्वतः तापतो आणि ती सगळी ऊब आतल्या हवेला देतो. कोणी काचेला वर्तमानपत्र चिकटवतं, कोणी चांदीसारखा कागद, कोणी पुठ्ठा. काही नसण्यापेक्षा ते बरं. चकचकीत कागद थोडं ऊन परतवतोही. पण दिवसा अंधारात बसून दिवा लावावा लागतो, आणि तापलेली काच खोलीत धग सोडत राहते.

तोच पडदा काचेच्या बाहेर नेला की चित्र पालटतं. ऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो, पण त्याची ऊब बाहेरच्या वाऱ्यावर निघून जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने खिडक्यांवर बाहेरून लावायच्या उतरत्या कापडी छज्ज्यांबद्दल (ऑनिंग) दिलेला आकडा पाहण्याजोगा आहे: उन्हाळ्यात खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता दक्षिणेकडे ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेकडे ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते.

घरच्या भाषेत हिशेब करून पाहू. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडतं असं धरू. हॉलच्या बाल्कनीचं सहा फूट रुंद, सात फूट उंच काचेचं सरकतं दार सुमारे ३.९ चौरस मीटर भरतं. त्यातून आत येते जवळजवळ २ किलोवॉट उष्णता. एक टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता बाहेर काढतो, ती साधारण साडेतीन किलोवॉटच्या बरोबरीची. म्हणजे त्या एसीचं निम्म्याहून जास्त बळ एकट्या दारातून येणाऱ्या उन्हाशी लढण्यात जातं, आणि त्या लढाईचं वीजबिल आपण भरतो. पश्चिमेच्या खोलीत दीड टनाचा एसी लावूनही संध्याकाळी गार होत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी एसीवाल्याला बोलावण्याआधी दाराबाहेर जाऊन काचेला हात लावून पाहावा.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असं नाही. वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आइन-ए-अकबरी’त आहे. बांबूच्या चौकटीत वाळा भरून त्यावर पाणी शिंपडलं की ऐन उन्हाळ्यात थंडी पडल्यासारखं वाटतं, असं वर्णन ग्रंथकार अबुल फजलने करून ठेवलं आहे. विदर्भातल्या जुन्या घरांत, कचेऱ्यांत, विश्रामगृहांत या ताट्या दारा-खिडक्यांच्या बाहेर टांगत आणि कोणीतरी दुपारभर त्यांच्यावर पाणी मारत असे. ताटी दोन कामं एकदम करायची. ऊन अडवायची आणि आत येणारा वारा गार करायची. पुढे डेझर्ट कूलर आला, त्याने वारा गार करायचं काम उचललं, ताट्याही त्यानेच आपल्या तिन्ही बाजूंना लावून घेतल्या. ऊन अडवायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही. ते मधल्या मध्ये राहून गेलं.

पाठोपाठ खिडकी बदलली. मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी पट्ट्यांच्या झडपा होत्या. वारा आत, ऊन बाहेर. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवत, त्यांतून झिरपलेला मऊ उजेड यायचा. खानदेश-मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत भिंती दोन-दोन हात जाड आणि खिडक्या लहान. आज अकोल्यापासून पनवेलपर्यंत खिडकी एकच: अ‍ॅल्युमिनियमची, सरकत्या काचांची, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागून बसवलेली. तिला ना झडप, ना खोल चौकट. सरकत्या खिडकीची निम्मीच बाजू एका वेळी उघडते, म्हणजे वाराही निम्मा. बांधकाम व्यावसायिकाला ती सोयीची आहे, पावसाला बरी आहे. ४५ अंशांच्या गावासाठी ती कोणी आखलेली नाही, हे मात्र तिच्यात बसल्यावर कळतं.

मग लोकांनी आपला उपाय आपणच शोधला. तो शेतातून आला. अमरावती जिल्ह्यात शेंदुरजनाघाट, वरुड, मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत. रोपांवर सावली धरायला तिथे शेडनेट वापरतात. तीच हिरवी जाळी आज विदर्भातल्या गच्च्यांवर, बाल्कन्यांवर, दुकानांच्या पुढे, रसवंतीवर दिसते. नागपुरात अलीकडच्या उन्हाळ्यांत चौकातल्या सिग्नलांवरही तिचे मांडव घातले गेले, लाल दिव्याला थांबलेल्या दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर. मला ही जाळी आवडते, कारण ती कोणा मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतून घरात आली नाही. शेतकऱ्याने रोपासाठी आणली, त्याच्या बहिणीने पाहून आपल्या खिडकीला लावली, अशी ती पसरली.

पण ती लावायची कशी, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बहुतेक ठिकाणी ती ग्रिलला सुतळीने बांधून टाकलेली असते, एका उन्हाळ्यात तिच्या चिंध्या होतात आणि ‘या जाळीत काही दम नाही’ असा निकाल लागतो. नीट बसवलेली जाळी कशी असते ते नागपुरात बेसा रस्त्यावरच्या एका तीनमजली इमारतीत पाहायला मिळालं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांची वयस्क सासू राहतात. सासूबाईंची खोली पश्चिमेला. मार्च महिन्यात त्यांनी ग्रिलची कामं करणाऱ्या ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं होतं.

त्याने आधी खिडकीला हातच लावला नाही. खाली उतरून रस्त्यावर उभा राहिला आणि बराच वेळ इमारतीकडे पाहत राहिला. समोर झाड आहे का, शेजारची इमारत किती उंच, वारा कोणीकडून मोकळा येतो. मग वर येऊन म्हणाला, “काकू, नेट बांधणं दहा मिनिटांचं काम आहे. वावधान सुटलं का मग समजते, कोणं बांधली होती ते.”

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. “दादा, आईंना खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे हं. दिवसभर तेवढंच पाहत असतात त्या.”

यावर त्याने जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. जाळी खिडकीला सपाट न बसवता त्याने पाऊण इंची चौकोनी पाइपची चौकट केली, ती वरच्या कडेला बिजागऱ्यांवर टांगली आणि खालून दोन पट्ट्यांचे आधार देऊन फूटभर पुढे ढकलली. जुन्या झडपेसारखी. खालच्या फटीतून रस्ता दिसतो, वारा आत येतो, आणि जाळी व काच यांच्यामधली तापलेली हवा कोंडून राहत नाही. वरच्या बाजूलाही चौकट आणि भिंत यांच्यामध्ये त्याने चार बोटं जागा सोडली. गरम हवा वर चढते, तिला निघायला वाट हवी. वरून बंद करून टाकलं की मधल्या पोकळीत नुसती आच साठते.

खिडकी चार फूट रुंद, चौकट मात्र त्याने पाच फुटांची घेतली. वाढीव फूट दोन्हीकडे सारखा वाटला नाही. उत्तरेच्या अंगाला आठ इंच, दक्षिणेच्या अंगाला चार. का, म्हणून विचारलं तर त्याने हाताने सूर्य कुठे बुडतो ती दिशा दाखवली. वर मांडलेला २५ अंशांचा हिशेब त्याने कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. उन्हाळ्यामागून उन्हाळा खिडक्यांवर काम करताना त्याने तो पाहिला होता.

भोकं पाडायच्या आधी त्याने ड्रिलच्या मुठीने भिंत टकटक वाजवून पाहिली. प्लास्टर जिथे पोकळ वाजलं ती जागा सोडली. वरचे दोन आधार लिंटेलच्या काँक्रीटमध्ये, तिथे लोखंडी अँकर फास्टनर. बाजूचे विटांमध्ये, तिथे रावल प्लग. प्रत्येक भोक किंचित वरच्या दिशेने तिरकं पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी त्यातून भिंतीत न उतरता बाहेर ओघळेल. भोकातली भुकटी फुंकून काढली, कारण भुकटीत बसवलेला प्लग कधी धरत नाही. पाइपाला आधी रेडऑक्साइड, मग पांढरा रंग. हे सगळं तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून. कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक आतल्या लोखंडी पलंगाच्या पायाला अडकवलं होतं आणि साथीदाराने पलंगावर बैठक मारली होती. ही सुरक्षितता पुरेशी नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. वरच्या मजल्यावरचं काम करून घेणाऱ्याने कामगाराकडे अंगात घालायचा पट्टा आहे का ते विचारावं, नसेल तर आपण पैसे घालून आणवावा. चारशे चौरस फुटांच्या गारव्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लागू नये.

जाळीबद्दलही थोडं सांगायला हवं. बाजारात शेडनेट ३५, ५०, ७५, ९० टक्के अशा सावलीच्या प्रमाणात मिळते. ९० टक्क्यांची घ्यावी असा सगळ्यांचा कल असतो. पश्चिमेच्या काचेच्या दाराला ती ठीक. पण ज्या खिडकीला कूलर आहे किंवा जिथून वारा हवा, तिथे ७५ टक्के पुरे. जाळी विणीची आहे की नुसते धागे आडवे-उभे घातलेली, ते कापून पाहावं. विणीची असेल तर कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. उन्हाला टिकण्यासाठी प्रक्रिया केलेलीच मागावी, साधी जाळी दुसऱ्या उन्हाळ्यात हातात भुगा होते. कडेला जाड पट्टी शिवून दर फुटाला पितळी आयलेट ठोकून घ्यावेत. रंगाचं म्हणाल तर हिरव्या जाळीतून खोलीत हिरवट उजेड येतो, काहींना तो आवडत नाही. पांढरी किंवा फिकी जाळी ऊन परतवते पण तिच्याकडे पाहिलं की डोळे दिपतात. गडद जाळी तापते, पण बाहेर असल्यामुळे ती धग बाहेरच राहते आणि तिच्यातून पलीकडचं स्पष्ट दिसतं. आजींसाठी काकूंनी काळपट जाळी निवडली ती याच कारणाने.

बांबूची चिक ही याहून देखणी गोष्ट. ती गुंडाळता येते, सूर्य उतरला की वर ओढून घ्यायची आणि वारा घ्यायचा. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलाचा बांबू आणि बुरुडांचा हात, दोन्ही इथलेच. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रक्रिया केलेला बांबू असेल तर पावसाने आणि भुंग्याने लगेच जात नाही. बुरुडाकडून मापाची चिक करून घेणं म्हणजे आपली खिडकी आणि त्याची चूल दोन्हींची सोय. तयार मिळणारे दोरी किंवा मोटरवर चालणारे बाहेरचे पडदेही शहरांत मिळतात, दोन्ही कडांना खाचेत धावणारे. चांगले असतात, महाग असतात, ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावेत. काचेवर चिकटवायची फिल्म मात्र मी या यादीत दुसऱ्या पंक्तीलाच बसवीन. ती ऊन काही प्रमाणात अडवते, पण अडवते काचेवरच, म्हणून काच स्वतः तापते.

वाऱ्याचं भय मात्र खरं आहे आणि ते फॅब्रिकेटरने नुसतं घाबरवायला सांगितलेलं नव्हतं. मे महिन्यात विदर्भात संध्याकाळी आभाळ भरून येतं आणि अचानक वादळी वारा सुटतो. ताशी ९० किलोमीटरचा वारा सपाट फळीवर आपटला तर दर चौरस मीटरला साधारण ३८ किलोचा दाब येतो. काकूंच्या खिडकीएवढ्या चौकटीवर तो ८० किलोच्या घरात जातो. जाळीतून वारा आरपार जातो म्हणून प्रत्यक्ष दाब बराच कमी, पण पत्रा, फ्लेक्स किंवा ताडपत्री लावणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. जुन्या जाहिरातीचा फ्लेक्स खिडकीबाहेर तारेने बांधलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. तो सुटून खाली कोणाच्या अंगावर पडला तर काय, याचा विचार बांधताना होत नाही. जाळीच्या खालच्या कडेला ताठ दोरीऐवजी रबरी दोरी बांधली तर झोताबरोबर ती थोडी सैल होते आणि आयलेट फाटत नाहीत. पाऊस लागला की चौकट बिजागरीवर उचलून किंवा काढून ठेवायची, ऑक्टोबर हीटला पुन्हा लावायची, थंडीत पुन्हा काढायची. जाळी बारा महिने लावून ठेवणाऱ्यांच्या घरात थंडीतलं कोवळं ऊनही येत नाही, तो तोटा आपणच करून घेतलेला.

काही गोष्टी झटपट. एसीच्या बाहेरच्या यंत्राला जाळीने वेढू नये, त्याची गरम हवा मोकळी सुटली पाहिजे. कूलरच्या डोक्यावर सावली करावी, पण ताट्यांसमोर काही आडवं आणू नये. तिथूनच तो हवा ओढतो. आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी कायमची बंद करू नये. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर ग्रिलला काळ्या केबल टायने जाळी बांधावी. पांढरे टाय उन्हाने लवकर कडक होऊन तुटतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर पश्चिमेला दोऱ्या ताणून दोडक्याचा किंवा मधुमालतीचा वेल चढवावा, त्याच्यासारखी सावली दुसरी नाही. टिनाच्या छताखाली राहणाऱ्यांना मात्र खिडकीच्या जाळीने फारसा फरक पडणार नाही. तिथे ऊन डोक्यावरून येतं. त्यांनी जाळी छतावर, पत्र्यापासून फूट-दीड फूट उंच मांडव करून ताणावी. गच्चीखालच्या मजल्यावरही स्लॅबची धग उरतेच, तिथे जाळीबरोबर गच्चीला पांढरा रंग लागतो.

मोठ्या वास्तुरचनाकारांनी हा प्रश्न केव्हाच हाती घेतला होता. अहमदाबादची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत १९५४ ची. ल कॉर्बुझिएने तिच्या पश्चिमेला काँक्रीटच्या तिरप्या उभ्या फळ्या लावल्या, वारा आत येतो, थेट ऊन अडतं. मुंबईत चार्ल्स कोरियांनी १९८३ साली पूर्ण केलेली कांचनजंगा ही उंच इमारत याच पेचातून घडली. मुंबईत समुद्राचा वारा घ्यायचा तर घराचं तोंड पूर्व-पश्चिम हवं, आणि कडक ऊन व पावसाचा मारा त्याच दिशांनी येतो. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून आकाशात नेला, दोन मजली उंचीच्या खोल बागा केल्या. या दोन्ही इमारती मला थोर वाटतात. तरी काँक्रीटची एक अडचण आहे. दिवसभर उन्हात तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतं. विदर्भात मे महिन्याच्या काही रात्री पहाटेपर्यंत अंगाला घाम असतो, तिथे ही साठवलेली धग नको असते. हलकी जाळी, बांबू, कापड हे सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात गार होतं. घरगुती कामाला हलकं तेच चांगलं, असं माझं मत आहे.

सरकारच्या कागदावर हे सगळं आलेलं आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा सुचवली आहे, आणि खिडकीला बाहेरून सावली असेल तर ती हिशेबात धरली जाते. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल असा अंदाज आहे, आणि ती २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्टही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला, नागपूर आणि शेजारच्या शहरांनी २०१६ मध्ये. पाणपोया, दवाखान्यांची तयारी, दुपारच्या कामाच्या वेळा हे सगळं त्यांत आलं, आणि ते हवंच होतं. पण ऊन घरात शिरू नये म्हणून घराघराच्या खिडकीला मदत, असं काही मला रस्त्यावर दिसत नाही.

उलट अडवणूक दिसते. अनेक गृहनिर्माण संस्थांत खिडकीबाहेर काही लावायचं म्हटलं की इमारतीचं रूप बिघडतं, असं उत्तर मिळतं. रूपाची काळजी समजू शकते. मग संस्थेनेच एक रंग, एक माप, एक फॅब्रिकेटर ठरवून द्यावा आणि पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांना एकाच वेळी चौकटी बसवून घ्याव्यात. घाऊक काम स्वस्त पडेल, परांचा एकदाच लागेल, कामगारही सुरक्षित राहील आणि इमारत नेटकी दिसेल. बांधकाम व्यावसायिकांकडे तर मागणी अगदी लहान आहे. स्लॅब आणि लिंटेल ओततानाच पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर दोन गंजरोधक हूक सोडून द्यावेत. त्या दोन हुकांवर पुढे रहिवासी चिक टांगेल, जाळी टांगेल, कापड टांगेल. घरकुल योजनेतल्या घरांना तर हे सर्वांत आधी मिळालं पाहिजे, कारण तिथे दुसरा एसी घेण्याची सोय नसते, बहुधा पहिलाही नसतो.

काकूंच्या घरचं काम दुपारपर्यंत आटोपलं. पश्चिमेच्या दोन खिडक्या आणि बाल्कनीचं दार मिळून जो खर्च आला, तो एका साध्या एसीच्या किमतीच्या कितीतरी खाली होता. आजींनी त्याच संध्याकाळी आपली खुर्ची भिंतीपासून पुन्हा खिडकीशी ओढून घ्यायला लावली.

थंडीच्या दिवसांत हवेत गारवा असतो आणि मे महिना फार लांब वाटतो. तरी तेव्हाच एवढं करा. एका संध्याकाळी घरातल्या कोणत्या काचांवर उतरतं ऊन येतं ते पाहून ठेवा, उन्हाळ्यात ते आणखी उत्तरेकडून येईल हे लक्षात घ्या, आणि खिडक्यांची मापं लिहून ठेवा. संस्थेची वार्षिक सभा असेल तर विषय मांडा. फॅब्रिकेटर आणि बुरूड जानेवारी-फेब्रुवारीत मोकळे असतात, एप्रिलमध्ये त्यांना उसंत नसते आणि दरही वाढलेले असतात. काम होळीच्या आत करून घ्या, आणि सुरुवात घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस ज्या खोलीत झोपतं तिच्यापासून करा.